फुकटाचे पंधराशे किलोमीटर

फुकट मिळालेली गोष्ट वापरून संपवणारे जगात पुष्कळ आहेत; ती संपू नये म्हणून पदरचे पैसे खर्च करणारे मात्र एकटे माझे आर्वीचे साडू. त्यांचं शेतीऔषधांचं दुकान आहे. टीव्ही मोडीत गेला, पण त्याच्या रिमोटवरचं प्लास्टिक शाबूत आहे. लग्नातलं घड्याळ झिजेल म्हणून ते बंद ठेवतात आणि शेजाऱ्याला वेळ विचारतात. अशा माणसानं पन्नाशीनंतर महागडी मोटरसायकल घ्यायची ठरवली, तेव्हा सल्ल्याला मला नेलं, कारण नात्यात हिशेबी माणूस म्हणून माझा लौकिक आहे. तो कसा टिकून आहे, हे मला कळत नाही.

गाडीमागचं कारण होतं मनगट. उजवं मनगट मोडल्यावर सेवाग्रामच्या दवाखान्यात त्यात धातूची पट्टी बसवली. तेव्हापासून गाडीची मूठ पिळून धरली की थोड्या वेळात कळा येतात. या गाडीत एक बटण होतं, ते दाबलं की गाडी आपला वेग आपणच धरून ठेवते, हाताला आराम. जाम गावाच्या फाट्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागायचं आणि थेट हैदराबाद गाठायचं, ही साडूंची जुनी इच्छा या बटणाशिवाय पुरी होणार नव्हती. मेख अशी की बटण गाडीत असतंच, पण ते चालू राहायला जादा पैसे. शोरूमवाला म्हणाला, "पहिले पंधराशे किलोमीटर फुकट. मग पैसे भरा, नाही तर बंद होते." मुठी गरम करायची सोयही जादा पैशांत होती. साडू म्हणाले, "ते आमच्याकडं मे महिन्यात फुकट आहे." बटणाच्या पैशांसाठी मात्र त्यांचा हात खिशात गेला होता. मी तो धरला.

"हैदराबाद जाऊन-येऊन हजार-अकराशे होते. फुकटात बसते. पैसे काऊन भरता?"

"साडूभाऊ, तुमी तर दिल्लीत पाह्यजे होते," साडू भारावून म्हणाले.

गाडी चादरीखाली गेली आणि साडू जुन्या मोपेडवर दुकानात जाऊ लागले, कारण बटण दाबा की न दाबा, चाक फिरलं की किलोमीटर संपत. प्रवास आधी सोयाबीनमुळे लांबला, मग कापसामुळे, मग एका लग्नामुळे. तोवर बॅटरी उतरू नये म्हणून फेरी, सर्व्हिसिंगला फेरी, पाहुण्यांना दाखवायला फेरी. प्रत्येक फेरीनंतर त्यांचा फोन येई आणि मी वजाबाकी करून देई. जाऊन-येऊन बसेना, तेव्हा मी नुसतं जाणं धरलं. तेही बसेना, तेव्हा आदिलाबाद. मग त्याच्याही अलीकडचं पांढरकवडा. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, यायनं गाडी घेतली का देव बसवला? रोज पुसून राह्यले. उदबत्तीच बाकी आहे."

शेवटी पन्नासेक किलोमीटर उरले. आर्वीहून निघालो तर जाम यायच्या आतच ते संपणार. उपाय मीच काढला: गाडी टेम्पोत घालून जामला न्यायची. टेम्पोचं भाडं हिशेबात धरायचं राहिलं, हे टेम्पोत गाडी धरून बसल्यावर माझ्या लक्षात आलं. मी गाडी आणखी घट्ट धरली.

जामला गाडी उतरवली. चौपदरी रस्त्याला लागताच साडूंनी बटण दाबलं, उजवी मूठ सोडली आणि बोटं वाऱ्यात हलवली. मी मागून त्यांच्या खांद्यावरून आकडे पाहत होतो.

"आकडे काऊन पाह्यता? पऱ्हाटी पाहा." दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं होती.

हिंगणघाटच्या बऱ्याच पुढे बटणाचा दिवा विझला. गाडी मंदावली. साडूंनी हात मुठीवर ठेवला, थोडं अंतर नेलं आणि कडेला थांबून मनगट झटकलं.

"दुखते?"

"दुखते. पण साडूभाऊ, आता वाचवाले काही राह्यलं नाई." हे त्यांनी सुटल्यासारखं म्हटलं, की हरल्यासारखं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परत फिरणं शहाणपणाचं होतं. मी म्हटलं, "चला पुढं. दुखलं का थांबू."

त्यांनी हेल्मेट चढवलं. दोनदा थांबलो आणि नंतर परतलो. हैदराबाद अजून व्हायचंय. पण त्या वाटेवर डोक्यावर एक हिरवी पाटी आली होती, हैदराबाद आणि पुढे आकडा. तो आम्ही दोघांनी वाचला, आणि कशातूनही वजा केला नाही.