सासूबाईंनी ओळखू नये म्हणून

घरबांधणीची एस्टिमेट काढणं हा माझा धंदा. कथा मी उरलेल्या वेळात लिहितो. एस्टिमेटमध्ये खोलीची लांबी बदलली की एक आकडा खोडून भागत नाही. विटा, सिमेंट, सळई, रंग, सगळं पुन्हा काढावं लागतं. कथेतही तसंच असतं, हे मी सांगलीतल्या आमच्या वाचनालयाच्या माडीवर, रविवारच्या कथालेखनाच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगतो. सगळे माना डोलावतात आणि विसरतात. मलाही ते नीट समजलं ते एका फ्रीजमुळं.

वर्गाला कुंडलहून एक बाई येतात. वय पस्तिशीचं, घरी ऊस आणि थोडी द्राक्षबाग, दोन मुलं. त्यांची पहिली पुरी झालेली कथा अशी होती: सासू दुपारी फ्रीजला कुलूप लावते आणि किल्ली कमरेला खोचते. दुधावरची साय कुणी खाऊ नये म्हणून. सायीचं तूप होतं, तूप पुण्याच्या लेकीकडं जातं. एके दिवशी पाहुणे येतात, सासू शेतावर, चहाचं आधण उकळतंय आणि दूध कुलपात. सून पदराखाली वाटी झाकून शेजारणीकडं दूध मागायला जाते.

कथा चांगली होती. पदराखालची वाटी मला फार आवडली. वर्गात एक निवृत्त सुभेदार आहेत, ते म्हणाले, "आवं ताई, आमच्या दारूगोळ्याच्या कोठारालाबी एवढा बंदोबस्त न्हवता!"

सगळे हसले, बाई हसल्या नाहीत. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला वर्गातल्या प्रत्येकानं एक कथा वाचायची होती आणि त्यांच्या सासूबाई ऐकायला येणार होत्या.

"सगळ्या गल्लीला सांगून झालंय त्यांचं, सून भाषण करणार म्हणून."

"मग दुसरी कथा वाचा," मी म्हटलं.

"दुसरी पुरी कुठं झालीय? आणि सर, रविवारी माझी पोरं त्याच सांभाळतात. त्यांनी ओळखलं तर माझा वर्ग संपला."

बाईंच्या आठवड्यात स्वतःची अशी तेवढीच एक सकाळ होती. मी म्हटलं, ओळखू येणार नाही अशी करू, त्यात अवघड काही नाही.

पुढच्या रविवारी त्या कथा बदलून घेऊन आल्या. नवीन लिहिणारे सगळे करतात तेच त्यांनी केलं होतं. लठ्ठ सासू बारीक केली होती, निळं लुगडं हिरवं केलं होतं आणि कुंडलच्या जागी मेढा घातला होता. मेढा ही माझी सासुरवाडी.

"मेढ्याच्या डोंगरउतारावर ही बाई पाच एकर ऊस कुठं लावते?" मी विचारलं.

"अगोबाई, ते राहिलंच."

"लावू द्या की वो," सुभेदार म्हणाले. "कथेतला ऊस हाय, त्याला पाणी कमीच लागतंय."

मी त्यांना म्हटलं, गाव बदललं ना, मग आता बाकीचं त्याच्या मागून बदलू द्या. ऊस गेला, भात आणि नाचणी आली. कारखान्याकडून येणारं उसाचं बिल नाही, म्हणून फ्रीजही काढून टाका. फ्रीज नसेल तर ही बाई कुलूप कशाला लावेल? तिथं पाऊस कसा असतो, घरात माणसं किती, बाजार किती लांब? हे मला विचारू नका, असं म्हणून मी माझ्या बायकोला फोन लावून दिला. ती अर्धा तास बोलली. भातलावणीच्या दिवसांत बाजाराला जाणं व्हायचं नाही, पावसानं वाट बंद व्हायची, फडताळातला गूळ आणि तेल पुरवून पुरवून वापरायचं, गूळ संपला तर कामावरच्या बायकांना चहा कसला देणार, वगैरे. बाईंनी सगळं उतरून घेतलं आणि कुलूप फ्रीजवरून फडताळावर हलवलं.

तिसऱ्या रविवारी त्या वैतागून आल्या.

"सर, सगळा घोटाळा झाला. आता म्हातारीचंच बरोबर वाटायला लागलंय. माझी सून नुसती चिडकी दिसतीय."

मला आनंद झाला. दोघींपैकी एकीकडंच सगळं शहाणपण असलं तर ती तक्रार होते, कथा होत नाही. मी म्हटलं, आता सुनेलाही तिचं कारण द्या, तेवढंच वजनदार. त्यांनी सून बाळंतीण केली. बाळ अंगावर पिणारं, दुपारी भुकेनं पोटात खड्डा पडतो आणि गूळ कुलपात. शेवटी म्हातारी काही न बोलता किल्ली पाळण्याजवळ ठेवते. हा शेवट मी चांगला म्हणून पास केला.

वर्धापनदिनाला सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या, शेजारी गल्लीतल्या दोघी. बाई वाचायला उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडं न बघता सासूबाईंकडं बघत होतो. कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेणं चाललं होतं. फडताळाच्या कुलपाशी हात थांबला, तो शेवटपर्यंत हलला नाही.

चहाच्या वेळी त्या सरळ सुनेपाशी आल्या.

"व्हय गं, माझ्या सासूचं तुला कुणी सांगितलं?"

बाई गोंधळल्या. "तुमच्या सासूचं? मी घरात आले तेव्हा त्या नव्हत्याच की."

"मग फडताळाचं कुलूप कुठनं आलं?"

"आवं मावशी, कथा आहे ती," मी मध्ये पडलो. "मेढ्याकडची."

"गाव कुठलंबी घाला. बाई माझीच सासू हाय."

गल्लीतली एक म्हणाली, "मला तर कुलूप म्हटल्यावर तुमचा फ्रीजच आठवला वो काकी."

सून कपात बघू लागली. मीही कपातच बघत राहिलो. सासूबाईंनी त्या शेजारणीकडं मान वळवून बघितलं.

"फ्रीजचं येगळं. पोरं सारखी दार उघडत्यात, लाइटबिल तू भरतीस व्हय?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पण मास्तर, शेवट खोटा हाय."

"खोटा कसा?"

"तिच्या हातनं किल्ली सुटंल व्हय? ह्या हिचा नवरा तवा अंगावर पीत हुता. मी वरवंट्यानं कुलूप फोडलं. गूळ-शेंगदाणं खाल्लं आणि दाराकडं तोंड करून बसले, ती येईस्तवर."

"मग?" सुनेनं विचारलं. तिचा कप हातातच होता.

"मग काय. आली, कुलूप बघितलं, चुलीपुढं बसली. एक शबूद बोलली न्हाई. दुसरं कुलूप आणलं न्हाई."

"आत्या, हे लिहू?"

"लिही की. पण ते मेढं-बिढं नको. कुंडलच घाल. आन् मला बारीक करू नगंस."

पुढच्या रविवारी बाई आल्या. मुलं सासूबाईंपाशीच होती. किल्ली पाळण्याजवळ ठेवणारा शेवट आम्ही काढून टाकला. तो वाचताना मला स्वतःला बरं वाटलं होतं, म्हणून मी तो तपासला नव्हता. आता प्रत्येकाला सांगतो: शेवट आवडला की थांबा आणि विचारा, हे माणूस असं करेल का, की त्यानं तसं करावं असं तुम्हाला वाटतंय?

गाव परत कुंडल झाल्यावर हिशेब पुन्हा मांडावा लागला. तिथं पावसानं वाट बंद होत नाही, बाजार जवळ. मग आजेसासू कुलूप का लावायची? हे फक्त सासूबाईच सांगू शकत होत्या. बाईंनी भाकऱ्या थापताना त्यांना विचारलं होतं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, जमीन सासऱ्याच्या नावावर, पैसा नवऱ्याच्या खिशात. तिच्या हातात तेवढीच किल्ली हुती गं."

मग बाईंनीच विचारलं, "हे वाक्य कथेत घालू?"

"घालू नका," मी म्हटलं. "ज्या प्रसंगातून हे कळेल तो प्रसंग लिहा. नवऱ्यापुढं तिनं कशासाठी तरी हात पसरला असेल, तो दिवस शोधा."

"आणि फ्रीजची कथा?"

"ती तुमची आहे. ती कधी वाचायची ते तुम्ही ठरवा."

दुसरा कुणीतरी वाचायला उठला होता, पण बाई खाली मान घालून लिहू लागल्या होत्या. कागद उडत होते, म्हणून सुभेदारांनी उठून पंखा एकवर केला.