बठ्ठा बंद करू?

आमच्या विभागात किस्से जमवावे लागत नाहीत. सीपीयूच्या पंख्यात धूळ साचते तसे आपोआप साचतात. विभाग म्हणजे तरी काय, मी आणि नाना. मुख्य कॉलेज जळगावला, शाखा फैजपूर आणि धुळ्याला, आणि तिन्हीकडचे कॉम्प्युटर आमच्या एका खोलीतून सांभाळायचे.

*

नाना शिंदखेड्याकडचे. एकेका मशीनपाशी जाऊन काम करणाऱ्याला ते हमाल म्हणत. त्यांनी बॅच फायली लिहून ठेवल्या होत्या; एक डबल क्लिक, की सगळ्या मशीनवर तेच काम. मी नवा होतो. विचारलं, फाईलच्या नावाला शेवटी 'डॉट बॅट' का असतं?

"बॅट म्हणजे बठ्ठा," नाना गंभीरपणे म्हणाले. अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळं. मला पटलं. इतकं, की पुढे धुळ्याला शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये मी तेच शिकवलं!

*

संध्याकाळी सगळी मशीन बंद करणारी फाईल नानांची लाडकी. बंद होण्याआधी स्क्रीनवर निरोप यायचा, 'आते घर जा.' एकदा संस्थेचे अध्यक्ष शेठजी ऑफिसात भाषण टाइप करत बसले होते. शेठजींचं घराणं मारवाडी, पिढ्यान् पिढ्या इथलंच, पण ऑफिसात बोलणार ते पुस्तकी मराठी. निरोप आला, स्क्रीन काळी, भाषण गायब.

शेठजी जिना चढून वर आले. "माझ्याच कॉलेजातून मला घरी कोण पाठवतं?"

आणखी एक चूक झाली तर सगळं काम पुण्याच्या कंपनीकडे जाईल आणि तुम्ही दोघे मोकळे, असं शेठजी शांतपणे सांगून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. माझं नुकतंच लग्न ठरलं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

आणि लगेच भरीत झालं. परीक्षेच्या सूचना सगळ्या मशीनच्या स्क्रीनवर टाकायच्या होत्या. नानांनी चुकून शेतातल्या भरीत पार्टीचा फोटो पाठवला. मोठ्या लॅबमध्ये जिकडे बघावं तिकडे वांगी, आणि जिन्यावर शेठजींच्या चपला वाजत होत्या. नानांनी दुसरी फाईल चालवली. शेवटचं वांगं गेलं आणि शेठजी दारात उभे. "वास कसला येतो?" त्यांनी विचारलं. नानांच्या डब्यात खरंच भरीत होतं.

*

मग नाना सावध झाले. बंद करण्याची फाईल आता आधी विचारायची, 'बठ्ठा बंद करू? एच / एन.' एच म्हणजे हो, एन म्हणजे नही. तीच फाईल फैजपूरलाही दिली. तिथल्या लॅबच्या अक्कांना धास्तीच बसली. रोज संध्याकाळी नानांना फोन, "नाना, हो म्हनू का?" शेवटी त्यांच्या नवऱ्याने विचारलं, तू रोज हो कोणाला म्हणतेस?

*

आणि मग तो दिवस. लॅबमध्ये भरती परीक्षा चालू, पोरं माना खाली घालून बसलेली. शेठजी पुण्याच्या इंजिनिअरला घेऊन आमच्या खोलीत आले. नाना म्हणाले, परीक्षा चालू आहे, आत्ता हात नको. शेठजी म्हणाले, त्यांना बघू द्या, तुम्ही दोघांनी मध्ये बोलायचं नाही.

इंजिनिअर भला माणूस होता. 'काय जुन्या पद्धती' म्हणत त्याने एकेक फाईल उघडायला घेतली. काळी खिडकी उघडली. बठ्ठा बंद करू? एच / एन.

"एच म्हणजे हेल्प असणार," तो म्हणाला. त्याचं बोट एचवर गेलं. नाना उठायला गेले, पण खुर्ची टेबल आणि भिंतीच्या मध्ये अडकलेली.

शेठजींनी त्याचं मनगट धरलं.

"हेल्प नही, भाऊ. हो शे ते."

मग त्यांनी स्वतः एन दाबलं, आणि नानांची खुर्ची ओढून मोकळी करून दिली.