खांद्यावर टपाल असताना

जपानातल्या आमच्या ओजिमात कचऱ्याला वार ठरलेला आहे. जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या. किश्श्यांना मात्र कोणताच वार नाही, म्हणून ते घरात साठत जातात! त्यातून मी २०११च्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षापासून इथे, आणि आमची बाल्कनी इतकी मोक्याची, की चार कपडे वाळत घालायला मला तास लागतो. आज फक्त शेजारच्या हेमाचे किस्से काढते. हेमा जव्हारकडची, इथे सॉफ्टवेअरमध्ये.

*

राहायला आली त्याच आठवड्यात ही सकाळी धावताना दिसली. मला वाटलं, बिचारीची गाडी चुकतेय. वरूनच ओरडले, "अगं सावकाश! पाच मिनिटांनी दुसरी आहे!"

"गाडी नकोय, काकू! फुनाबाशीपर्यंत जाऊन आले!"

फुनाबाशी! तिथे ट्रेननं जातानासुद्धा माझी एक डुलकी होते.

*

मग रोज सकाळी जिन्यात घुंगरू वाजायला लागलं. इमारतीत प्राणी पाळायला बंदी. मी आपलं कर्तव्य म्हणून व्यवस्थापकांच्या कानावर घातलं. दोन दिवसांत खाली नोटीस: मांजर पाळू नये.

संध्याकाळी हेमा दारात उभी, हातात घुंगरू. "काकू, ते मांजर मी आहे!"

*

चहा पाजून सगळं काढून घेतलं. तिचा आजा टपालाचा रनर. जिथे मोटार जात नाही तिथे खांद्यावर थैली टाकून डोंगरातून पळायचं. काठीला घुंगरं, जनावरं बाजूला व्हावीत म्हणून. त्यातलं एक हिच्या पाठपिशवीला.

इथल्या डोंगरात सगळेच अस्वलांसाठी घंटी लावतात. तिच्या धावण्याच्या क्लबातल्या सत्तरीच्या मोरी-सानांनी विचारलं, "तुमच्याकडेही अस्वलं?"

"नाही, बिबटे."

मोरी-सान अदबीनं वाकले. "मग तुम्ही पुढे व्हा!"

*

पण एक दुखणं होतं. सत्तर किलोमीटरची डोंगरातली शर्यत, बारा तासांत संपवायची. दोनदा गेली, दोनदा राहिली. दोन्ही वेळा पन्नासाव्या किलोमीटरला, एकाच ठिकाणी. तिथे खुर्ची देतात, गरम मिसो सूप देतात.

"बसले की उठवतच नाही, काकू."

"तुझा आजा काय करायचा?"

"थैली खांद्यावर असताना बसायचं नाही, हा त्याचा नेम. पोस्टमास्तर थैली घेऊन सही करणार, खाली पोचल्याची वेळ घालणार, मगच आजा खाली टेकणार."

"मग तू कशाला बसतेस?"

"माझ्या खांद्यावर कुठे टपाल आहे?"

*

तिसऱ्या खेपेच्या शर्यतीआधी तिचे वडील गावाहून आले. निवृत्त शाळामास्तर, शर्टाच्या खिशाला कायम पेन. आजाच्या पायांचं कौतुक सांगताना गुरुजींचे डोळे चमकायचे, लेक बूट घालायला लागली की चेहरा पडायचा.

एकदा मी विचारलंच, "गुरुजी, लेक एवढी धावते, अभिमान नाही वाटत?"

"टपाल कुणाचं नेते ती?" ते म्हणाले. "कुणाचंच नाही ना? आमचा बाप हौसेनं नव्हता पळत, बाई."

हेमा आत बुटाची नाडी बांधत होती. ती तशीच बांधत राहिली.

*

शर्यतीच्या पहाटे मी तिच्या हातात एक पाकीट ठेवलं. चिकटवलेलं, वर गुरुजींचं नाव. "शेवटच्या रेषेवर पोचवायचं."

"काकू, बाबा तर हे इथे उभेत!"

"इथे नाही. तिथे."

आत काय लिहिलं होतं ते विचारू नका. मी चौकश्या करते खऱ्या, पण टपाल ज्याचं त्यानं वाचावं!

दिवसभर मी आणि गुरुजी त्या रेषेशी. पाचला शर्यत बंद. साडेचार झाले, पावणेपाच झाले. गुरुजी घड्याळाकडे बघत नव्हते, कान देऊन उभे होते. एकदम म्हणाले, "आली."

मला काहीच दिसेना. मग मलाही ऐकू आलं. घुंगरू!

सात मिनिटं उरली असताना हेमानं रेषा ओलांडली. एका स्वयंसेवक मुलीनं लगबगीनं खुर्ची पुढे केली. हेमानं मान हलवली. लंगडत वडिलांपाशी गेली, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पाकीट काढून पुढे धरलं, आणि उभीच राहिली.

गुरुजींनी हात शर्टाला पुसले. पाकीट घेतलं, उलटसुलट पाहिलं. खिशाचं पेन काढलं, तिच्या पोटावरच्या नंबराच्या कागदावर सही केली, खाली वेळ घातली.

आणि म्हणाले, "बैस आता."