इथे अशी कोणी राहत नाही

आमच्या अप्पांचा उभा जन्म एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेला. खिळे, बेअरिंगं, हातमोजे मोजून मोजून त्यांची पक्की समजूत झालीय की समोरचा माणूस काहीतरी खिशात घालूनच चाललाय. डॉक्टरांनी गोळी बदलली की त्यांचं औषधवाल्याशी साटंलोटं. मी फोनवर हसले की, "काय लपवतेयस?" आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. संशय घ्यायला मी एकटी, त्यामुळे सगळा माल माझ्याच वाट्याला येतो.

मी एका लहानशा कंपनीत रंग तपासते. पत्र्यावर रंगाचा हात मारायचा, वाळू द्यायचा, नखानं खरवडून बघायचा. काम आवडतं, पण नोकरी हंगामी. दरवर्षी करार संपतो आणि दरवर्षी साहेब "बघू" म्हणतात. पस्तिशी उलटल्यावर "बघू" ऐकवत नाही. म्हणून दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीत पक्क्या जागेसाठी अर्ज केला, आणि फेऱ्यांचं शुक्लकाष्ठ मागे लागलं.

आधी एका मुलीनं फोनवर गोड गोड चौकशी केली. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकटीनंच बोलायचं होतं, समोर माणूसच नाही. मग एक परीक्षा, त्यात विचारलं होतं की तुम्ही झाड असता तर कोणतं असता. रंगाबद्दल अक्षर नाही. मग तिघा साहेबांची मुलाखत. त्यातला एक पूर्ण वेळ खाली बघून काहीतरी खात होता. मग महिना गेला. मग तीच गोड मुलगी म्हणाली, "आम्ही खूप उत्सुक आहोत. जरा स्वतःबद्दल सांगाल का?"

"एवढ्या वेळात लोकांची लग्नं ठरून मोडतात," अप्पा म्हणाले. "पाणी कुठेतरी मुरतंय. जागा आधीच कुणाला तरी देऊन बसलेत. तुला नुसतं नाचवतायत."

"अप्पा, मोठ्या कंपनीत असंच असतं."

"मोठ्या कंपनीत मोठा चोर असतो."

खरं सांगते, हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं होतं. ती मुलगी "नक्की कळवते" म्हणाली की मी तिच्या आवाजात खोट शोधायची. बापाची लागण लेकीला झाली, दुसरं काय!

शेवटी निवड झाल्याचं कळलं. फक्त पत्त्याची पडताळणी बाकी होती. आणि आठवड्यानं निरोप आला, की दिलेल्या पत्त्यावर तुम्ही राहत असल्याचं आढळलं नाही, सबब निवड थांबवली आहे. मी संतापले. ज्या घरात जन्मले तिथे मी राहत नाही? म्हणजे अप्पा म्हणत होते तेच खरं. यांना नाही म्हणायला निमित्त हवं होतं.

जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या, त्यांच्यापुढे सगळं ओकले. त्या गोंधळून म्हणाल्या, "अगं, पण एक जण आला होता की! गळ्यात कार्ड होतं. तुमच्या दाराचा फोटो काढला. अप्पांशी बोलला आणि गेला."

घरात अप्पा मटार सोलत बसले होते.

"अप्पा, कंपनीचा माणूस आला होता?"

"आला होता कोणीतरी. म्हटलं, इथे अशी कोणी राहत नाही. हल्ली कोण कशासाठी येतं, सांगता येतं का?"

मला त्यांची कीव आली. म्हातारा माणूस, घाबरला असेल. "निदान त्याचं कार्ड तरी बघायचं."

"बघितलं ना. न बघता मी कुणाशी बोलतो का?"

अप्पा बोलून गेले आणि त्यांचा हात थांबला. कार्डावर कंपनीचं नाव होतं. गेले कित्येक महिने आमच्या घरात त्याच एका नावाचा जप चालला होता.

इतके दिवस मी त्या परक्या मुलीच्या आवाजात खोट शोधत होते. अप्पा मान खाली घालून शेंगा सोलत राहिले. सोललेले दाणे सालांच्या ढिगात पडत होते, तेही त्यांना कळलं नाही.

मी कंपनीशी भांडून पडताळणी पुन्हा करायला लावली. ती नीट झाली तर एक तारखेला तिकडे रुजू व्हायचं होतं. त्या दिवशी रजा घेऊन दाराशीच खुर्ची टाकून बसले. अप्पांशी बोलणं जेवायला बसा, गोळी घ्या, एवढंच उरलं होतं. बेल वाजली. मी उठेपर्यंत अप्पा दाराशी पोहोचलेही होते. मी त्यांच्या मागे उभी राहिले. तोंडातून वेडावाकडा शब्द निघाला तर तिथल्या तिथे खोडून काढायचा, एवढंच डोक्यात होतं.

माणसानं माझं नाव वाचलं. "या इथे राहतात का?"

अप्पांनी या वेळी कार्ड बघितलं नाही.

"हो, इथेच राहते. माझी मुलगी आहे." मग म्हणाले, "एक तारखेपर्यंत आहे."