पहिलं ओझं

निपाणीच्या जुन्या पेठेत बाहुबली आण्णांची तंबाखूची वखार होती. ती पाडून तिथं बँक उभी राहिली. समोर सगळी काच, दारात गार हवा, पायऱ्यांना चकचकीत दगड. दोन्ही बाजूंना मात्र जुनीच दुकानं, लाकडी सज्जे आणि लोंबणाऱ्या तारा.

त्या वखारीत भीमाप्पा आमच्या टोळीचा मुकादम होता. मी त्याच्या हाताखाली उभी हयात काढली. पोतं पाठीवर देताना घेणाऱ्यानं हुंकार दिल्याशिवाय हात सोडायचा नाही, ही त्याची शिस्त. पोतं टाकून देणाऱ्याला तो पुन्हा कामावर घेत नसे.

आमच्या हमालांत एक रीत होती. नवी वखार उघडली की पहिलं ओझं जी टोळी आत नेईल, तिनं त्याची मजुरी घ्यायची नाही. मालक नारळ द्यायचा. त्या नारळाबरोबर तिथलं सगळं काम त्या टोळीचं व्हायचं. मजुरी घेतली तर हक्क गेला, मग तुम्ही त्या दिवसापुरते मजूर. बाहुबली आण्णांकडं पहिलं ओझं भीमाप्पाच्या बापानं नेलं होतं.

वखार पडली आणि टोळी फुटली. माझा मुलगा बेळगावला अनगोळात राहतो, नोकरीला आहे, म्हणून माझं चाललं. जोतिबानं भाजीची गाडी टाकली. भीमाप्पाला मूलबाळ नाही. बायको सोनुबाईची छाती तंबाखूच्या धुळीनं गेलेली. चार शब्द बोलली की तिला धाप लागते. भीमाप्पा कोगनोळीला ट्रक उतरवायला गेला, तर तिथल्या पोरांनी वय बघून परत पाठवला.

बँकेची तिजोरी आली तेव्हा क्रेन पेठेच्या तोंडाशीच अडली. कंत्राटदार हमाल शोधत फिरला. भीमाप्पानं मला, जोतिबाला आणि टोळीतल्याच आण्णाप्पाला गोळा केलं.

तिजोरी सरकवणं हे जोरापेक्षा दम धरायचं काम आहे. खाली लोखंडी पाईप घालायचे. मागचा सुटला की तो पुढं आणायचा. पहारीनं लागेल तेवढंच उचलायचं, जास्त नाही. पायऱ्यांवर फळ्या टाकल्या. वरून तिघांनी दोर धरला, खालून भीमाप्पानं खांदा लावला. दोर निसटला तर खालचा माणूस मेलाच. ती जागा त्यानं कुणाला दिली नाही. सकाळी लागलो, ऊन कललं तेव्हा तिजोरी जागेवर बसली. फरशीला ओरखडा नव्हता.

कंत्राटदारानं पैसे पुढं केले.

"मजुरी नको," भीमाप्पा म्हणाला. "नारळ द्या."

कंत्राटदाराला वाटलं, म्हातारा देवभोळा आहे. त्यानं पूजेतला एक नारळ दिला. आमच्याही मजुरीवर पाणी पडलं, पण मुकादमाच्या शब्दाबाहेर जायची आम्हाला सवय नव्हती.

बाहेर आल्यावर जोतिबा म्हणाला, "आप्पा, खुळा झालास व्हय? बँकेत कसलं वझं? नोटा त्या."

"कागद बी गठ्ठ्यानं आला की वझंच असतंय."

"मग बस गठ्ठ्याची वाट बघत. माझी वांगी सुकाय लागल्यात."

दुसऱ्या दिवसापासून भीमाप्पा बँकेच्या पायऱ्यांशी उभा राहू लागला. कागदाची खोकी आली, ती आणणाऱ्यानंच ढकलगाडीवरून आत नेली. खुर्च्या आल्या, त्यांच्याबरोबर त्यांचे मजूर आले. भीमाप्पा दर वेळी पुढं व्हायचा. माणसं त्याला वळसा घालून जायची.

सोनुबाईचा धापेवर तोंडात मारायचा औषधाचा फवारा संपला, नवा आणायला पैसे नव्हते. ती धापा टाकत माझ्या दारात आली. "भावजी, त्यास्नी सांगा. मजुरी घ्या म्हणावं नि मोकळं व्हा."

मी सांगितलं. तो म्हणाला, "मजुरी घेतली तर त्या दारात मी कोण रं?"

मॅनेजर अभिनंदन साहेब बोरगावचे. एकदा ते स्वतः बाहेर आले. "आप्पा, रोज का उभं राहताय? खातं काढायचंय का?"

"न्हाय सायेब. पयलं वझं आमी आणलंय. हितलं काम आमचं हाय."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "माझ्या आजोबांची वखार होती. रीत मला माहीत आहे. पण इथं माणूस ठेवणं माझ्या हातात नाही. झाडणारासुद्धा एजन्सीकडून येतो."

"तुमी मालक न्हाय व्हय?"

"नाही, आप्पा."

"मग मालक कोण?"

साहेबांनी वर पाटीकडं बघितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते घडलं. मी समोर जोतिबाच्या गाडीपाशी होतो. पैशाची गाडी आली. दोघं पेटी उतरवत होते, एकाचा हात निसटला आणि पेटी कलली. भीमाप्पा धावला आणि पाठ वाकवून पेटीखाली शिरला. गार्ड कन्नडात ओरडला. त्यानं बंदुकीचा दस्ता भीमाप्पाच्या छातीला लावून ढकललं. भीमाप्पा पायऱ्यांवर आपटला. पडतानाही तो "धरा, धरा" म्हणत होता.

आम्ही त्याला उचलून आत नेलं. तो खुर्चीवर बसेना. कोपरातून रक्त गळत होतं. खाली वाकून तो फरशी मुंडाशानं पुसायला लागला. साहेबांनी त्याचा हात धरला.

"आप्पा, पुन्हा गाडीजवळ आलात तर मला पोलिसांना बोलवावं लागेल. ते मला करायला लावू नका. तिजोरीची मजुरी कंत्राटदाराकडून घेऊन तुमच्या नावानं ठेवलीय. ती घ्या."

भीमाप्पानं मुंडासं कोपराला गुंडाळलं. मग मला म्हणाला, "सोनीचा फवारा ह्यात येईल न्हवं?"

"येईल," मी म्हणालो.

त्यानं हात पुढं केला. पाकीट घेतलं आणि तिथंच चौघांचे सारखे वाटे केले. मी माझा वाटा त्याच्या खिशात घालायला गेलो, तर त्यानं तो परत केला.

आता सोनुबाईला रात्री झोप लागते. भीमाप्पा घराबाहेर पडत नाही. मी अधूनमधून त्याच्याकडं जातो. भिंतीकडं तोंड करून पडलेला असतो. माझा आवाज ओळखतो आणि न वळताच विचारतो, "काम हाय का रं?"

मी खोटं बोलत नाही.