शेळीला घातलेली भाकरी

“हाड जुळतंय, पण तुम्ही झिजताय,” डॉक्टर म्हणाले. खुब्याच्या ऑपरेशनला महिना होऊन गेला होता. जखम अजून ओलीच होती, वॉकर धरला की पाय थरथरत. रक्तात अल्ब्युमिन कमी आलं होतं. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रथिन. आजारपणात ते बऱ्याच कारणांनी उतरतं. पण माझं वजनही उतरलं होतं, मांड्या वाळल्या होत्या. निदान झालं मालन्यूट्रिशन, म्हणजे कुपोषण. मग डॉक्टर माझ्या सुनेकडे वळले. “घरी यांना नीट जेवायला मिळतं ना?”

संगीताने मान खाली घातली. मी छताकडे पाहत राहिलो.

जुन्या जालन्यात आमच्या दोन खोल्या. माझी खाट बोळाकडच्या खिडकीला लागून. मुलगा सकाळीच दुकानावर जाई, मग दिवसभर घरात मी आणि सून. जिने माझ्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, तिने माझं शौचाचं भांडं उचलायचं, हे मला सोसेना. खाल्लं-प्यालंच नाही तर भांडं लागणार नाही, असं मी ठरवून टाकलं.

ती वरण, भाकरी, दही समोर ठेवून आत जाई. मी दोन घास खाई आणि भाकरी खिडकीच्या गजांतून शेजारच्या शेळीला देई. अंडं, दूध नको म्हणे. तहान लागली तरी ओठच ओले करी. खाट सोडता येत नव्हती आणि भूक लागलीय असं म्हणायचीही सोय मी ठेवली नव्हती.

कुंभार पिंपळगावहून धाकटी बहीण भेटायला आली. माझे दंड चाचपून सुनेच्या देखतच म्हणाली, “दादा, ह्या घरात चूल पेटती का न्हाई?” गावात जाऊन तिने तेच सांगितलं. मी तेव्हाही खरं सांगितलं नाही.

शेवटी शेळीनेच मला पकडून दिलं. भाकरीला जरा उशीर झाला म्हणून ती गजांवर पाय टेकून ओरडायला लागली. संगीता धावत आली, तर माझा हात भाकरीसकट बाहेर.

“मामा! मी गावभराची बोलणी खाऊन राह्यले, अन् तुमी हिला पोसून राह्यले?”

मी खरं कारण सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, “लाज वाटती ना? मंग उठा जल्दी. उपाशी माणूस उठंल कसा?”

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. आहारतज्ज्ञ बाईंनी किडनीचा रिपोर्ट पाहून थोडं थोडं, पण वरचेवर खायला सांगितलं. अंडी, डाळ, दही आणि पाणी भरपूर. पोटात काही नसेल तर नुसत्या व्यायामाने स्नायू भरत नाहीत, हे त्यांनीच समजावलं. मुलाने कमोडची खुर्ची आणली, संगीताने जुन्या लुगड्याचा आडोसा केला. इतकं सोपं होतं ते. मी तोंड उघडायला हवं होतं, एवढंच.

जखम सुकली. आता वॉकर घेऊन बोळाच्या टोकापर्यंत जातो. तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखं संकोचाने उपाशी राहत असेल, तर आजच घरच्यांना सांगा. नाहीतर दोष त्यांच्या माथी येतो.

बहिणीला मी फोन करून सारं कबूल केलं. ती म्हणाली, “सुनेच्या धाकानं बोलून राह्यला तू.” तिला वाचता येत नाही. कुंभार पिंपळगावात हे लिहिलेलं कोणाच्या हाती पडलं, तर पारावर चारचौघांत तिला मोठ्याने वाचून दाखवा. माझ्या सुनेने मला कधी उपाशी ठेवलं नाही.