हरणांनी नापास केलेली ई-बाइक

आधीच सांगतो, हसायचं असेल तर चहाचा कप खाली ठेवा. मागे एकाला हे ऐकताना ठसका लागला होता.

तर मंडळी, मी मिनेसोटात ईडन प्रेरीला राहतो आणि पोटासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्यापासून थोडं लांब एक सरकारी जंगल आहे. शिकारीला मोकळं, आणि आत खोलवर एक तळं. आमचे देशपांडेकाका, रिटायर्ड डॉक्टर, या देशात आमच्या कितीतरी आधी आलेले. ते आणि काकू दर रविवारी त्या तळ्यावर पक्षी बघायला चालत जायचे. आधी काकू गेल्या, मग काकांचे गुडघे गेले. एकदा ते सहज म्हणाले, "अरे, ते तळं एकदा बघायचं होतं." मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांना माझी ई-बाइक चालवायला शिकवली. ते शिकले, आणि मग कळलं की त्या जंगलात ई-बाइकला बंदी आहे.

बंदी उठवायची की नाही यावर काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाची, मीटिंग ठरली होती. आणि विरोधकांचा पुढारी कोण असावा? माझाच शेजारी डेल. दातांचा डॉक्टर, सुट्टीत धनुष्यबाण घेऊन हरणाच्या शिकारीला जाणारा. इथल्या शिकारी मंडळींत त्याचा शब्द चालतो.

मी पडलो शाकाहारी, मी शिकारीवर काय बोलणार? पण डेलचं म्हणणं तरी काय आहे, ते विचारायला गेलो. तो म्हणाला, "जंगलात पोचायला माणूस दमला पाहिजे. आज मोटरची सायकल आली, उद्या ड्रोन हरीण शोधून देईल. मग शिकार कशाला म्हणायचं? दुकानातून मटण आणावं."

खरं सांगू? मला ते पटायला लागलं. आपल्याकडे गडावर रोपवे झाला तेव्हा मीही असंच नाक मुरडलं होतं. पण मग काकांनी काय, तळ्याचे फोटो बघत बसायचं?

शेवटी आमचा वाद एकाच प्रश्नावर येऊन थांबला. ई-बाइकला हरणं बुजतात का? डेल म्हणे, बुजतात. मी म्हणे, ना आवाज ना धूर, बुजतील कशाला? आणि मला तर आता कुतूहलच लागून राहिलं की हरणाला नक्की कळतं तरी काय काय. डेल सरळ माणूस. म्हणाला, माझ्या भावाचं रान आहे, शिकारीचा सीझन अजून लागलेला नाही, तिथे करून बघू. हरणं जागची हलली नाहीत तर मीटिंगमध्ये मी स्वतः तुमच्या बाजूनं बोलेन.

शनिवारी सकाळी पोहे खाल्ले, खुंटीवरचं जॅकेट चढवलं आणि निघालो. वैशाली, म्हणजे आमची बायको, स्वयंपाकघरातून काहीतरी ओरडली. पण विज्ञानाच्या कामाला निघालेला माणूस बायकोचं ऐकतो का?

डेल झाडावरच्या मचाणावर बसला. समोर मोकळ्या गवतात हरणं चरत होती. मी वळणाअलीकडून बाइक सुरू केली, आणि वळणावर पोचायच्या आतच सगळी हरणं पांढऱ्या शेपट्या वर करून पसार झाली.

मी म्हटलं, चेन करकरते. पुढच्या शनिवारी चेनला भरपूर तेल पाजलं. हरणं पळाली. मग मोटर बंद करून नुसते पेडल मारत गेलो. पळाली. बाइकच्या स्क्रीनचा उजेड दिसत असेल म्हणून त्यावर काळी पट्टी चिकटवली. तरी पळाली. शेवटी बाइक लांब ठेवून मी एकटा चवड्यांवर चालत गेलो, आणि हरणं तरीही पळाली.

आता तुमच्यासारख्या शहाण्या माणसाला इथेच कळलं असतं. मी डेलला काय सांगावं? म्हणालो, "त्यांना आता बाइकची नुसती भीती बसली आहे."

मीटिंगच्या आधीचा शेवटचा शनिवार. डेलच्या गाडीतून काकाही आले. माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाले, "मला एक फेरी मारू दे. हरणं पळाली तर पळाली." मी लांब उभा राहिलो. काका तीच बाइक घेऊन, मोटर चालू ठेवून, हळूहळू वळणापलीकडे गेले. एका हरणानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि परत गवतात तोंड घातलं. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

काका परत आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. ते बाइक द्यायला माझ्याजवळ आले, थांबले आणि नाक वर करून म्हणाले, "वैशालीनं पोह्यांत हिंग सढळ हातानं घातलाय."

म्हणजे बघा. इथली घरं बंदिस्त, खिडक्या बहुतेक लावलेल्या. एकदा फोडणी पडली की तिचा वास कपड्यांत जाऊन बसतो. म्हणून कढई तापली की शहाणी माणसं कोट आत कपाटात टाकतात. वैशाली दर शनिवारी हेच ओरडत होती. माझं जॅकेट वर्षानुवर्षं गॅसशेजारच्या खुंटीवर.

"आमच्या हिनं कोट कधी घरात येऊच दिला नाही," काका म्हणाले. "गॅरेजमध्ये ठेवायचा. अजून तिथेच असतो."

टेस्टिंगमधला मी! चेन तपासली, मोटर तपासली, स्क्रीन तपासला. फक्त टेस्टरला तपासायचं राहून गेलं.

डेलनं शब्द पाळला. भर मीटिंगमध्ये उभा राहून म्हणाला, "हरणांना बाइकचा त्रास नाही. या गृहस्थांचा आहे." सभा हसली आणि तडजोड झाली. तळ्यापर्यंत ई-बाइक चालेल, त्यापुढे पायी. काका पहिल्याच रविवारी तळ्यावर गेले. मला बरोबर नेलं नाही.

पण डेल घरी आला. त्याच्या बायकोची फुलझाडं दर उन्हाळ्यात हरणं फस्त करतात. त्यानं फार संकोचून माझं जॅकेट मागितलं. आता ते त्याच्या बागेत काठीवर बुजगावणं म्हणून उभं आहे, आणि एक हरीण तिकडे फिरकत नाही. पाऊस पडला की वास उडतो, एवढंच. मग डेल जॅकेट घेऊन आमच्या दारात येतो आणि वैशाली ते त्याच जुन्या खुंटीवर अडकवून कढईत मोहरी टाकते. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाली, "चार्जिंगला लावलंय."